एमिशनला मराठीत उत्सर्जन म्हणायचं का, आणि हा शब्द मुळात आला कुठून

तुझा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण यातला अर्धा प्रसंग माझ्यावरही एकदा ओढवलाय, तो पुढे सांगते. तू बारावीला आहेस असं लिहिलंयस म्हणून तूच म्हणते, राग मानू नकोस. तर तुझं म्हणणं थोडक्यात असं की कॉलेजच्या पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर तू 'व्हेइकल एमिशन'ला 'वाहनांचे उत्सर्जन' लिहिलंस, बायोलॉजीच्या मॅडमनी ते खोडलं, म्हणाल्या उत्सर्जन म्हणजे मलमूत्र, प्रदूषण लिही. फिजिक्सचे सर म्हणाले उत्सर्जनच बरोबर आहे, आणि मित्र तेव्हापासून 'तुझी गाडी कुठे शी करते' म्हणून पिडतायत. नेटवर शोधलंस तर उत्सर्ग, विसर्ग, निःसरण, प्रक्षेपण असं काय काय सापडलं आणि डोकं अजूनच फिरलं. म्हणून एमिशनचा खरा अर्थ काय, तो शब्द आला कुठून, आणि मराठीत काय लिहायचं, हे तुला हवंय.

मी कोशकार नाही, संस्कृतची पंडितही नाही. बावीस वर्षं पुण्यात बसून इंग्रजीचं मराठी करते, तेही तांत्रिक. गाड्यांची मॅन्युअलं, मशीनवर चिकटवायच्या सूचना, कारखान्यांचे पर्यावरण अहवाल, असलं. या बावीस वर्षांत एमिशन हा शब्द माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की त्याच्याशी माझं जवळजवळ भांडण आणि संसार दोन्ही झालंय. त्यामुळे जे सांगते ते कामातून सुचलेलं आहे, आणि यातला बराचसा भाग 'कुठे लिहितोयस त्यावर अवलंबून' या जातीचा आहे, ते आधीच कबूल करते.

पहिलं म्हणजे तुझे सर आणि मॅडम दोघंही बरोबर आहेत. भांडण त्यांचं नाहीच, भांडण दोन इंग्रजी शब्दांचं आहे. इंग्रजीत एमिशन वेगळं आणि एक्सक्रिशन वेगळं, आणि आपण शाळेच्या पुस्तकात दोन्हींना उत्सर्जन म्हणून ठेवलंय. बायोलॉजीच्या धड्यात 'उत्सर्जन संस्था' म्हणजे किडनी, मूत्रवाहिनी वगैरे, तिथे उत्सर्जन म्हणजे एक्सक्रिशन. फिजिक्सच्या धड्यात इलेक्ट्रॉनचं उत्सर्जन, प्रकाशाचं उत्सर्जन, तिथे ते एमिशन. एक्सक्रिशनचं लॅटिन मूळ 'चाळून वेगळं करणं' असं आहे, म्हणजे पीठ चाळताना कोंडा बाजूला काढतो तसं, किडनी रक्त गाळते आणि नको ते वेगळं करते. एमिशनमध्ये चाळणं नाहीच. तिथे फक्त बाहेर सोडणं आहे. (मॅडमना हळूच सांग की काटेकोर बायोलॉजीत मल हा एक्सक्रिशनमध्ये येतच नाही, ते न पचलेलं अन्न असतं, पेशींनी तयार केलेला टाकाऊ पदार्थ नव्हे. किंवा नको सांगूस, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात असतात.)

आता मूळ. लॅटिनमध्ये 'मित्तेरे' असं क्रियापद आहे, त्याचा अर्थ पाठवणं, आणि त्याच्याही आधीचा अर्थ सोडणं, जाऊ देणं. त्याच्यापुढे 'एक्स' म्हणजे 'बाहेर' हा उपसर्ग लागतो, पण 'म'च्या आधी तो घासून नुसता 'ए' राहतो. झालं 'एमित्तेरे', बाहेर सोडणं. त्याचं नाम 'एमिस्सिओ', तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजी एमिशन. इंग्रजीत तो पंधराव्या शतकापासून दिसतो, आणि तेव्हा त्याचा धुराशी, गाड्यांशी काहीही संबंध नव्हता, 'बाहेर पाठवलेली गोष्ट' एवढंच. धूर त्याला चिकटला तो विसाव्या शतकात, तेही मुख्यतः अमेरिकेत. लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकात डोळे चुरचुरवणारं धुकं पडायला लागलं, आधी लोकांना वाटलं कुठल्यातरी कारखान्याची करणी आहे, मग १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की गाड्यांतून सुटणारे वायू आणि ऊन यांच्या मिश्रणातून ते तयार होतंय. त्यानंतर गाडी काय सोडते ते मोजायची, त्यावर मर्यादा घालायची गरज पडली, आणि कायद्याला एक शब्द लागला जो नुसता 'धूर' नसेल, कारण त्यातलं बरंचसं दिसतच नव्हतं. तो शब्द एमिशन.

या मित्तेरेचं खानदान प्रचंड मोठं आहे आणि तू रोज त्यातल्या निम्म्या लोकांना भेटतोस. मिशन म्हणजे पाठवणं किंवा पाठवलेली कामगिरी, म्हणून मिशनरी. मिसाइल म्हणजे सोडायची वस्तू. ट्रान्समिट पलीकडे पाठवणं, परमिट जाऊ देणं, अ‍ॅडमिट आत सोडणं (अ‍ॅडमिशनच्या रांगेत उभं राहिल्यावर हा अर्थ अगदी नीट कळतो), रेमिटन्स परत पाठवणं, म्हणजे मनीऑर्डरचं आधुनिक रूप. डिसमिस म्हणजे पांगवणं. आणि माझ्या सगळ्यात आवडीचं, वसईकडच्या ख्रिस्ती लोकांची मिस्सा. चर्चमधल्या लॅटिन उपासनेच्या शेवटी फादर म्हणायचे 'इते, मिस्सा एस्त', म्हणजे साधारण 'जा आता, निरोप दिला आहे'. शेवटच्या वाक्यातला तो निरोपाचा शब्दच सगळ्या उपासनेचं नाव होऊन बसला. आपल्याकडे 'सभा विसर्जित झाली' म्हणतो ना, तसंच, फक्त त्यांनी सभेलाच विसर्जन म्हणायला सुरुवात केली.

ह्या विसर्जनाकडे परत यायचंय, पण आधी जरा बाहेरच्या भाषा बघू, कारण त्यातून कळतं की एमिशन म्हणजे धूर हे समीकरण किती अलीकडचं आणि किती अरुंद आहे. फ्रेंचमध्ये एमिस्यों म्हणजे टीव्ही-रेडिओवरचा कार्यक्रम, म्हणजे केंद्राने सोडलेला. पोर्तुगीजमध्येही तेच, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे, पोर्तुगीज काळात गोव्यातल्या रेडिओ केंद्राचं नाव 'एमिसोरा द गोवा' होतं, अजूनही तिकडच्या म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी 'एमिसोरा' ऐकायला मिळतो. तिथे एमिसोरा म्हणजे काही धूर सोडणारी नव्हे, गाणी आणि बातम्या सोडणारी. जर्मनमध्ये आणि रशियनमध्ये हाच शब्द नोटा किंवा शेअर बाजारात आणण्यासाठी चालतो, आपण ज्याला इश्यू म्हणतो. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत राज्यांना कागदी चलन काढायला बंदी केलीय तिथे क्रियापद 'एमिट'च आहे. एकदा एका फ्रेंच कंपनीच्या कागदपत्रात मी एमिशनचं भाषांतर डोळे झाकून उत्सर्जन केलं होतं आणि ते निघाले रोखे, 'कंपनीने ५ वर्षांपूर्वी केलेले उत्सर्जन' असं काहीतरी भयाण वाक्य झालं होतं. तपासणाऱ्याने पकडलं म्हणून वाचले.

आता आपल्या बाजूचं. उत्सर्जन हा शब्द उत् + सृज्. उत् म्हणजे वर, बाहेर. आणि सृज् या धातूचा अर्थ आपण सहसा निर्माण करणं असा घेतो, सृष्टी, सर्जनशील वगैरेमुळे, पण त्याचा तळाचा अर्थ आहे सोडणं. बाण सोडणं, पाणी सोडणं, दोरी सोडणं. निर्मिती ही त्या दृष्टीने आपल्यातून काहीतरी बाहेर सोडणं. मुण्डक उपनिषदात कोळ्याची उपमा आहे, 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च', कोळी जसा धागा बाहेर सोडतो आणि परत आत घेतो. फिजिक्सवाल्यांनी पाहिलं तर म्हणतील हे तर एमिशन आणि अ‍ॅब्सॉर्प्शन झालं. म्हणजे मित्तेरे आणि सृज् हे सख्खे नात्यातले धातू नाहीत, एक रोमचा एक इथला, पण दोघांच्याही पोटात एकच गोष्ट आहे, हातातलं सोडणं. ज्याने कोणी एमिशनला उत्सर्जन हा पर्याय पहिल्यांदा लावला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते, कारण उपसर्गाला उपसर्ग आणि धातूला धातू इतका चपखल जोड फार कमी पारिभाषिक शब्दांना मिळतो.

आणि सृज्चंही खानदान बघ की. विसर्जन, गणपतीचं. विसर्ग, संस्कृत वाचताना शब्दाच्या शेवटी सोडलेला श्वास, दोन टिंबांचा. निसर्ग. संसर्ग, जो कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसला. उपसर्ग. महाकाव्याचा सर्ग. हे सगळे चुलतभाऊ आहेत. सर्जन-वरून सर्ग कसा झाला विचारशील, तर त्यज्-चा त्याग होतो, युज्-चा योग होतो, भुज्-चा भोग, तसा सृज्-चा सर्ग, 'ज'चा 'ग' होतो. म्हणून उत्सर्जन आणि उत्सर्ग हे एकाच धातूचे, अर्थाने जवळजवळ सारखे, पण वापराने वेगळ्या वाटेला गेलेले. उत्सर्ग जुन्या धार्मिक भाषेत दान करून सोडून देण्याला आहे, वृषोत्सर्ग म्हणजे वळू सोडणं, नवीन तळं बांधून लोकांसाठी सोडणं म्हणजेही उत्सर्ग. जैन लोकांचा कायोत्सर्ग, देहाचं भान सोडून उभं राहणं. आणि मलोत्सर्ग. हो, तोही आहेच, मॅडमची शंका अगदी हवेतून आलेली नाही, संस्कृतातही हा शब्द मोरीच्या आणि देवघराच्या दोन्ही बाजूंना वावरतोय. खुद्द उत्सर्जन हा शब्द तर पंचांगात आहे, श्रावणीच्या दिवशी 'उत्सर्जन-उपाकर्म', तिथे त्याचा अर्थ वेदाध्ययनाचं सत्र तात्पुरतं सोडणं. तुझ्या मित्रांना सांग की ज्या शब्दाला ते हसतायत तो भटजींच्या तोंडी दर श्रावणात असतो.

विसर्गाचं एक मस्त आहे. पावसाळ्यात बातमी येते 'खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला', इतके इतके हजार क्युसेक. तिथे विसर्ग म्हणजे डिस्चार्ज. पाटबंधारे खात्याने हा शब्द उचलला आणि पेपरांनी तो घराघरात नेला, आता पुण्यातल्या कुठल्याही नदीकाठच्या सोसायटीतल्या माणसाला विसर्ग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, गाडी वर काढायची वेळ झाली एवढं कळतं. आणि गंमत म्हणजे रोमन लोकांकडेही जवळपास हेच आहे. रोमजवळ अल्बानो नावाचा तलाव आहे, त्याचं जास्तीचं पाणी सोडायला त्यांनी डोंगरातून बोगदा खोदला होता, त्या बोगद्याला लॅटिनमध्ये 'एमिस्सारियम' म्हणतात. म्हणजे तिकडे एमिशनवाल्या शब्दातून पाणी सुटतं, इकडे विसर्गातून.

मग माझं मुख्य म्हणणं काय, तर एमिशन भाषांतर करताना मी आधी मराठी शब्द शोधत नाही, आधी विचारते की सोडतंय कोण, सोडतंय काय, आणि सुटतंय कुठून. या तिन्हीची उत्तरं मिळाली की मराठी वाक्य बहुतेक वेळा आपोआप होतं आणि उत्सर्जन लागेलच असंही नाही. कारण आपल्याकडे 'सोडणे' हे अफाट क्रियापद बसलेलं आहेच. गाडी धूर सोडते. कारखाना नाल्यात पाणी सोडतो. दिवा प्रकाश टाकतो. रागावलो तर गाडी धूर ओकते. नाम वापरायची सवय इंग्रजीची आहे, मराठीला क्रियापद आवडतं, हे मला कळायला पहिली सात-आठ वर्षं गेली.

ते कळलं तो प्रसंग सांगते. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ ची पर्यावरण अधिसूचना आहे, त्यात जनसुनावणीच्या आधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, माझं बरंच काम त्यातलं. कोकणात एका गावात एका कारखान्याची सुनावणी होती, सारांश मी केलेला, आणि वाचून दाखवायला माणूस नव्हतं म्हणून मीच गेले. मंडप, खुर्च्या, समोर दोनेकशे माणसं. मी वाचलं, 'प्रकल्पातील उत्सर्जन ३० मीटर उंचीच्या धुराड्यातून करण्यात येईल.' मागून एक आजोबा उठले. शांतपणे म्हणाले, ताई, कामगारांचं संडासचं तुम्ही चिमणीतनं वर सोडणार काय? मंडप हसून हसून लोळला. मी पण हसले, पण पोटात खड्डा पडला होता, कारण त्या माणसाने चेष्टा केली नव्हती, नातवाच्या पुस्तकात त्याने उत्सर्जन तसंच वाचलेलं होतं. आणि ज्या कागदावर त्याच्या गावाच्या हवेचा निर्णय होणार तोच त्याला समजत नव्हता, तर चूक त्याची कशी. त्या दिवसापासून मी तसल्या कागदात पहिल्यांदा लिहिते 'धुराड्यातून बाहेर पडणारा धूर, धूळ आणि वायू, म्हणजेच उत्सर्जन' आणि मग पुढे नुसतं उत्सर्जन. एक ओळ वाढते, क्लायंट कुरकुरतात, वाढू दे.

त्यात 'धूळ' मुद्दाम आहे बरं का. खूप लोक 'वायू उत्सर्जन' लिहून मोकळे होतात. पण आपल्या १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात एमिशनची व्याख्या केलीय ती चिमणी, डक्ट, धुराचा नळ किंवा इतर कुठल्याही वाटेने बाहेर येणारा घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ अशी आहे. घनसुद्धा, द्रवसुद्धा. म्हणजे खडी क्रशरची धूळ, रंगाच्या बूथमधून उडणारे बारीक थेंब, सगळं आलं. आणि नाल्यातून जातं ते मात्र यात नाही, त्याला एफ्लुएंट म्हणतात, त्याचा कायदा १९७४ चा वेगळा, मराठीत सांडपाणी. हवेत सुटलं तर उत्सर्जन, पाण्यात सोडलं तर सांडपाणी, निदान कायद्याच्या कागदात तरी ही सरमिसळ करू नकोस.

आता तुझ्या पोस्टरवरच्या दुरुस्तीकडे. मॅडमनी 'प्रदूषण' लिही म्हटलं, ते मला पटत नाही, आणि याचं कारण नुसतं भाषिक नाहीये. उत्सर्जन हे जिथून सुटतं तिथे मोजतात, सायलेन्सरच्या तोंडाशी, धुराड्यात. प्रदूषण हे जिथे आपण श्वास घेतो तिथलं, त्यात वारा आला, थंडी आली, रस्त्याची धूळ आली, शेजारच्याने पेटवलेला कचरा आला. जर्मन लोकांनी यासाठी दोन जुळे शब्द ठेवलेत, बाहेर सुटतं ते एमिशन आणि येऊन आदळतं ते इमिशन, आणि त्यांच्या १९७४ च्या कायद्याच्या नावात दुसरा शब्द आहे, कारण संरक्षण माणसाच्या नाकाचं करायचंय. आपल्याकडे पीयूसी काढतो ते सायलेन्सरच्या तोंडाशी मोजतात, म्हणजे उत्सर्जन. आणि मोबाइलवर एक्यूआय बघतो ते हवेतलं प्रमाण, म्हणजे प्रदूषण. सगळ्या गाड्यांची पीयूसी पास असूनही डिसेंबरच्या सकाळी एक्यूआय लाल असू शकतो, दोन्ही खरं असतं.

तसंच उत्सर्जन म्हणजे धूरही नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत बघतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा बघतात, तिथे धूर म्हणणं चालतं. उलट थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरं पांढरं निघतं ती बहुतेक वेळा नुसती वाफ असते. आणि काही एमिशन तर सायलेन्सरमधून येतही नाही, उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ सुटते, ब्रेक आणि टायर झिजून बारीक कण उडतात, ती पण एमिशनच. म्हणून मॅन्युअलमध्ये 'एक्झॉस्ट एमिशन' आलं तर मी 'सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू व कण' करते, आणि नुसतं 'एमिशन स्टँडर्ड' आलं तर 'उत्सर्जन मानके'. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ला 'उत्सर्जन मानक' म्हणणं आता रुळलंय, तिथे कोणी शी-शू काढत नाही. संदर्भ भक्कम असला की शब्दाची लाज आपोआप जाते.

'कार्बन उत्सर्जन' याबद्दल एक खटकणारं सांगते, कारण पोस्टरवर तू ते नक्की लिहिणार आहेस. तिथे सुटतो तो कार्बन नसतो, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि आकडा लिहिताना हा फरक साडेतीन पटीहून जास्त पडतो, कारण १२ ग्रॅम कार्बनमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. एक लिटर डिझेल जाळलं तर साधारण २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. लोक म्हणतात एक लिटर डिझेलचं वजनच किलोपेक्षा कमी, मग अडीच किलो कसा? तर जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. बोलताना 'कार्बन उत्सर्जन' चालेल, सगळेच म्हणतात, पण शेजारी किलो किंवा टन लिहिणार असशील तर पूर्ण नाव लिही. आणि 'उत्सर्जने' असं अनेकवचन करू नकोस. इंग्रजीत एमिशन्स म्हणतात म्हणून आपणही करायचं असं नाही, मराठीत ते कानाला टोचतं, 'एकूण उत्सर्जन' म्हटलं की काम होतं.

तुझ्या सरांची बाजूही जराशी. फिजिक्समध्ये उत्सर्जनाला पर्याय शोधायची गरजच नाही, तिथे तो पक्का बसलाय. एलईडीमधला मधला 'ई' म्हणजे एमिटिंग, पेट स्कॅनमधला 'ई' एमिशन, लेसरमध्येही 'ई' आहे तो उद्दीपित उत्सर्जनातला, ज्याची कल्पना आइन्स्टाइनने १९१७ च्या आसपास मांडली. तापलेला वायू ठरावीक रंगाच्या रेषा सोडतो त्या उत्सर्जन रेषा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या अशा रेषा पाहिल्या, आणि त्याच वर्षी लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तिथली एक पिवळी रेषा नोंदवली, जी पुढे हेलियमची निघाली. आपल्याकडे विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि लॉकयरने हेलियम तिथून शोधला असं सांगतात, पण ग्रहणाच्या दिवशी तो इंग्लंडमध्येच होता. किल्ला मात्र जरूर बघ. फक्त 'किरणोत्सर्ग' आणि 'किरणोत्सार' यात गोंधळू नकोस, दोन्ही छापलेले दिसतात. उत्सर्ग सृज्-वरून, सोडणं, आणि उत्सार सृ-वरून, सरकणं, वाहणं. अर्थ जवळ, धातू वेगळे.

पटकन परत सांगते म्हणजे सरांना दाखवायला सोपं जाईल. एमिशन म्हणजे बाहेर सोडणं, लॅटिन ए अधिक मित्तेरे. उत्सर्जन हे त्याला जवळजवळ तंतोतंत, उत् अधिक सृज्. घोळ झाला तो एक्सक्रिशनलाही आपण तेच नाव दिल्यामुळे. शास्त्राच्या आणि कायद्याच्या कागदात उत्सर्जन, लोकांसाठी लिहिताना सोडणे किंवा बाहेर पडणे, आणि प्रदूषण हे वेगळंच प्रकरण.

स्पेलिंगचंही विचारलं होतंस, इंग्रजीत 'एम' एक की दोन. एकच. 'ई' हे अक्षर लिही आणि पुढे आख्खं 'मिशन' लिही, झालं. कमिशनमध्ये दोन येतात कारण तिथे 'कॉम'चा 'म' आणि मिशनचा 'म' दोन्ही आहेत, एमिशनमध्ये उपसर्गाला स्वतःचा 'म' नाहीच.

पोस्टरवर मी असं लिहीन. वर मोठ्या अक्षरात, 'आपली गाडी हवेत काय सोडते?' खाली बारीक, 'वाहनांतून होणारे उत्सर्जन: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड, सूक्ष्म कण.' 'वाहनांचे उत्सर्जन'ऐवजी 'वाहनांतून होणारे' केलंय बघ, 'चे' लावलं की ते वाहनाच्या शरीरक्रियेसारखं वाटतं, मित्र तिथेच हसले असणार. मॅडमनी हेही खोडलं तर पोस्टरचा फोटो इथे टाक, मग बघू.